कुटुंबाचे एकूण वार्षिक उत्पन्न

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळा झाला. त्याचे तालुके तीन: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. पैकी कुर्ला तालुक्याचं तहसील कार्यालय मुलुंडला आहे. म्हणजे घाटकोपरच्या माणसाला कुर्ल्याच्या तहसीलदाराचा दाखला हवा असेल, तर त्याने कुर्ल्याकडे पाठ करून ठाण्याच्या बाजूची गाडी धरायची. उपनगरातला माणूस असल्या गोष्टी मनावर घेत नाही. गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येते, एवढंच तो विचारतो.

तेव्हा फीसवलतीला लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धडपडणाऱ्या पोरांची अडचण तहसील शोधण्याची नसते. तहसील सापडतं. मुलुंड पश्चिमेला उतरून सरोजिनी नायडू रोड म्हटलं की रिक्षावाला नेऊन सोडतो. सापडत नाही ते उत्पन्न.

मराठी मुलाला आपल्या वडिलांविषयी बरंच ठाऊक असतं. त्यांचा रक्तगट, चपलेचा नंबर, जेवणाआधीची साखर किती आणि नंतरची किती, एस.वाय.ला कुठल्या विषयात दांडी उडाली (हे आत्याकडून). पगार तेवढा ठाऊक नसतो. लहानपणी कधी विचारलाच, तर ‘तुला काय करायचंय, तू अभ्यास कर’ असं उत्तर मिळतं, आणि पोर अभ्यास करतं. बारा वर्षं मुकाट्याने अभ्यास करून ते सीईटीत बरे पर्सेंटाइल मिळवतं, केंद्रीय प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये नंबर लागतो, आणि मग एक फॉर्म त्याच्यापुढे तोच जुना प्रश्न ठेवतो: कुटुंबाचे एकूण वार्षिक उत्पन्न. पोर फॉर्म घेऊन वडिलांकडे जातं. वडील वर्तमानपत्र खाली न करता म्हणतात, “तुला काय करायचंय?”

याचं कारण असं की आपल्याकडे एका बापाचे पगार तीन असतात. एक बायकोला सांगितलेला, दुसरा नातेवाइकांना सांगितलेला आणि तिसरा फॉर्म १६ वर छापलेला. पहिला नेहमी कमी असतो, कारण त्यावर घर चालवायचं असतं. दुसरा नेहमी जास्त असतो, कारण त्यावर लग्नकार्यात मान चालवायचा असतो. तिसरा खरा असतो आणि तो आयकर खात्याशिवाय कुणी पाहिलेला नसतो. फॉर्म म्हणतो की हा तिसरा आकडा पोराने स्वतःच्या हाताने टाइप करावा. वडिलांना घाम फुटणारच.

योजना तशी सरळ आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असं तिचं पूर्ण नाव. घरोघरी मात्र तिला अजून ‘ईबीसी’च म्हणतात. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी ट्यूशन फी सरकार देतं. जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी, एसईबीसी घरांतल्या मुलींना निम्मीऐवजी पूर्ण फी माफ झाली. अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा, दाखला तहसीलदाराचा जोडायचा, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. कागदांत फारसं अवघड काही नाही. अवघड जन्मदात्यांत आहे.

यात मी कसा आलो, तर मामा म्हणून. लग्नात मुलीला बोहल्यापर्यंत मामाने आणायचं, ही जुनी वहिवाट. हल्ली तिला कॅप राउंडपासून कॉलेजच्या फी-खिडकीपर्यंत आणण्याचं कामही त्याच्याच गळ्यात पडतं. वडिलांशी बोलायची हिंमत नाही, काका वडिलांच्याच बाजूचे, म्हणून भाचरं मामाला फोन लावतात. “मामा, तू ये ना. बाबा ऐकत नाहीत.” आणि एकदा भाच्यांचे फॉर्म भरून दिल्याची बातमी फुटली, की सोसायटीतली, ऑफिसातली, मित्रांची पोरंही मामाच म्हणू लागतात. त्यामुळे अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचे बरेच बाप मला जवळून बघायला मिळाले आहेत.

बोरिवलीला बाभई नाक्याजवळ राहणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचं वाक्य ठरलेलं. “आपण कुणापुढे हात पसरणारी माणसं नव्हे.” हे वाक्य त्यांनी मला ऐकवलं तेव्हा आम्ही भाजीवाल्यापुढे उभे होतो आणि ते अर्धा किलो फरसबीवर कोथिंबिरीची काडी फुकट मागत होते. काडी देऊन भाजीवाल्याने कढीपत्ता घातला नाही, तर “अरे, कढीपत्ता?” असं त्यांनी जे विचारलं, त्यात हक्क होता, जरब होती. मी म्हटलं, “काका, फीचंही असंच आहे. सरकार घालतंय पिशवीत, घ्या.” ते म्हणाले, “ते वेगळं.” कढीपत्त्याला तहसीलदाराचा दाखला लागत नाही, एवढाच फरक मला दिसला.

अंधेरीला, मरोळच्या बाजूला, याच्या उलट एक बाप आहे. त्याचं उत्पन्न ८ लाखांच्या वर गेलं, तेही बारा हजारांनी. ओव्हरटाइम जरा जास्त झाला. मुलगा डोकं धरून बसला होता आणि बाप चाळभर सांगत फिरत होता, “आम्ही नाही ना बसत त्याच्यात! लिमिटच्या वर जातो!” बारा हजारांच्या ओव्हरटाइमपायी लाखभराची सवलत गेली, हे त्याला मुलाने कागदावर आकडेमोड करून दाखवलं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. माझा अंदाज आहे, तो कागद त्याने साडूला दाखवला असणार.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका वडिलांची तक्रार मात्र मला रास्त वाटते. ते ओबीसी. मुलाच्या प्रवेशासाठी नॉन-क्रिमीलेअरचा दाखला काढला, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की पगार आणि शेतीचं उत्पन्न यात धरायचं नाही. ते खूश झाले. महिन्याभरात फीसवलतीचा अर्ज आला, तेव्हा सांगण्यात आलं की सगळं धरायचं, पगारासकट. “गेल्या महिन्यात माझा पगार पगार नव्हता, या महिन्यात झाला?” असं त्यांनी मला विचारलं. नियम दोन्ही खरे आहेत. मी ते समजावून सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाले, “मग माझी सही दुसऱ्या कागदावर कशाला? पहिल्यावर केली ती पुरे.” सही मिळवायला त्यांच्या आईला, म्हणजे पोराच्या आजीला, मध्ये घालावं लागलं. चाळीशीपुढच्या मराठी पुरुषावर अजून कुणाचा हुकूम चालत असेल तर तो तिचाच.

घाटकोपरला पंतनगरात राहणाऱ्या एका मित्राच्या घरी वेगळाच पेच होता. शेजारचं गुजराती कुटुंब आपल्या मुलासाठी समाजाच्या ट्रस्टकडे सरळ अर्ज करून मोकळं झालं होतं. मुंबईत असल्या संस्था जुन्या आहेत. महावीर जैन विद्यालयच १९१५ सालचं. शेजारच्या बापाने फॉर्म भरला, मुलाखतीला मुलाबरोबर स्वतः गेला, उत्पन्न विचारल्यावर सांगितलं, घरी येऊन फाफडा खाल्ला. माझा मित्र हे सगळं बाल्कनीतून बघत होता. “त्यांच्यात चालतं,” म्हणाला. मी म्हटलं, “आपल्यात काय होतं?” तो विचारात पडला. आपल्यात काय होतं, तर आपण आधी नाही म्हणतो, मग दिवाळीनंतर पतपेढीतून तेवढीच रक्कम व्याजाने काढतो, आणि हप्ते संपेपर्यंत पोराला ऐकवतो. मित्राने दोन्ही हिशेब मनात केले असावेत, कारण पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःहून फॉर्म १६ चा फोटो पाठवला. पगाराचा रकाना अंगठ्याने झाकून काढलेला होता.

पण माझ्या माहितीतलं सगळ्यात अवघड प्रकरण माझ्याच बहिणीच्या घरचं. मुलुंड पूर्व. भावोजी फोर्टातल्या एका खासगी कंपनीत हिशेबनीस. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब मांडलेला माणूस, स्वतःचा हिशेब निघाला की त्याच्या कानाला ऐकू येत नाही. भाचीला इंजिनिअरिंगला विद्याविहारला प्रवेश मिळाला. फीचा आकडा लाखांत. मी मोठ्या तयारीने गेलो होतो. म्हटलं, “भावोजी, अहो बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर.”

“ते कोलंबियाला गेले,” भावोजी म्हणाले. “ही विद्याविहारला चाललीय. पाचवं स्टेशन सोडून पुढचं.”

टाटांचं उदाहरण दिलं. जमशेटजींनी १८९२ साली परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी काढला, तोही कर्जाऊ. भल्याभल्यांनी घेतलं, जयंत नारळीकरांनी घेतलं. भावोजी म्हणाले, “नारळीकरांच्या वडिलांना कुणी फॉर्म १६ मागितला होता का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशेबनिसाशी वाद घालू नये, तो व्हाउचर मागतो.

मग कागद शोधायला सुरुवात झाली, आणि ताईचा स्वभाव पुढे आला. बाप आकडा लपवतो, आई कागद लपवते. चोरापासून, पावसापासून, मुलांपासून आणि मुख्य म्हणजे ‘ओरिजिनल’ मागणाऱ्या जगापासून. ताईने गोदरेजचं कपाट उघडलं. वरच्या खणात दादरच्या साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात रबर लावलेली दुसरी पिशवी, तिच्यात बँकेच्या पासबुकाचं प्लॅस्टिकचं पाकीट आणि त्या पाकिटात रेशनकार्ड. रंग केशरी. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून रेशनकार्डं तीन रंगांची झाली, तेव्हाचंच असावं. आणि ते लॅमिनेट केलेलं होतं. मिटलेल्या अवस्थेत. पुढचं पान दिसत होतं, मागचं दिसत होतं. मधली, ज्यांवर कुटुंबातल्या माणसांची नावं असतात ती पानं प्लॅस्टिकच्या आत कायमची सुरक्षित.

“खराब व्हायला लागलं होतं,” ताई म्हणाली.

भाचीने ब्लेड आणलं. तिने कडेने प्लॅस्टिक कापत नेलं, तेव्हा भावोजी शेजारी उभे राहून “सावकाश, सावकाश” म्हणत होते. घराबाहेर कुणाला केशरी रंग दिसू नये, याची त्यांना खरी काळजी. केशरी कार्ड वर्षाला एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाचं. भावोजींचं उत्पन्न ती रेषा केव्हाच ओलांडून गेलेलं. रेशनचा दाणा घरात आलेला नाही. पण पत्त्याचा पुरावा म्हणून कार्ड ठेवलेलं, आणि आता तहसीलदाराला पगार दाखवला तर कुणीतरी केशरीचं पांढरं करेल, ही धास्ती. उपनगरातले निम्मे बाप पगार सांगत नाहीत ते याच धास्तीने, असं माझं मत झालं आहे. एका कागदावर गरीब आणि दुसऱ्यावर मध्यमवर्गीय असण्याची त्यांना इतकी सवय झालेली असते, की दोन्ही कागद एकाच टेबलावर येऊ नयेत म्हणून ते मुलीची फीसवलत सोडायला तयार होतात. वर गावाकडचा सातबारा आहेच. त्यावर भावोजींच्या चुलत्यांची, चुलतभावांची, गेलेल्यांची आणि न बोलणाऱ्यांची नावं. भावोजींच्या वाट्याचं उत्पन्न म्हणजे मे महिन्यात येणारी आंब्याची पेटी, तीही दर वर्षी नाही. “हे लिहायचं का?” त्यांनी विचारलं. “आंबे लिहिले तर पुढे कुणी मोजायला यायचा.”

शेवटी फॉर्म १६ निघाला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपपुढे भाची, तिच्या एका बाजूला मी, समोर भावोजी, आणि गॅसपाशी पाठमोरी ताई. भाचीने कागदाच्या दुसऱ्या भागातला आकडा वाचला. “पाच लाख शहात्तर हजार.”

ताईचा झारा थांबला. ताई गणितात हुशार. “म्हणजे महिन्याला अठ्ठेचाळीस?” तिने न वळता विचारलं. “मला चाळीस माहितीयत.”

“ग्रॉस आहे ते,” भावोजी म्हणाले. “हातात एवढे येत नाहीत. पीएफ, प्रोफेशनल टॅक्स...” प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात वर्षाचा २,५०० रुपये आहे, हे मला ठाऊक होतं आणि ताईलाही असावं. पण तिने विषय ताणला नाही. याचं कारण पुढच्या रकान्यात होतं.

“आईचं उत्पन्न,” भाचीने वाचलं.

“शून्य लिही,” भावोजी म्हणाले.

आता ताई वळली. “शून्य? दिवाळीला अख्खी सोसायटी, पलीकडची सोसायटी आणि तुमच्या ऑफिसातली माणसं चकल्या नेतात, त्या काय शून्याच्या होतात? उन्हाळ्यात पापड, कुरडया... शून्य?”

“अगं, पण ते उत्पन्न नाही, ते आपलं...” भावोजींना शब्द सापडेना. “किती होतात असे?”

ताईने गॅस बारीक केला. फॉर्मसाठी की नवऱ्यासाठी सांगते आहे हे कळू नये अशा बेताने, भिंतीकडे बघत ती म्हणाली, “खर्च जाऊन पंच्याऐंशी हजार.”

“वर्षाचे?”

“मग काय महिन्याचे? महिन्याचे असते तर तुम्हाला पगार कशाला विचारला असता!”

भावोजी एक ग्लासभर पाणी प्यायले. त्यांच्या डोळ्यांपुढे गेल्या काही वर्षांतल्या वस्तू सरकत असाव्यात: नवा मिक्सर, भाचीचा टॅबलेट, गावच्या देवळाची वर्गणी, ज्यांच्याबद्दल ताईने ‘भिशीतून’ असं सांगितलं होतं. ताईच्याही डोळ्यांपुढे महिन्याचे आठ हजार सरकत होते. दोघं एकमेकांकडे बघत होते आणि मला तिथून उठावंसं वाटत होतं. “बेरीज करू?” भाचीने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. तिने केली. सहा लाख एकसष्ट हजार. मर्यादेच्या आरामात आत. एकोणीस वर्षांच्या संसारात त्या घराचा पूर्ण हिशेब त्या रात्री पहिल्यांदा झाला, आणि तो हिशेबनिसाने केला नाही.

आकडा मिळाला म्हणजे काम झालं असं नव्हे. आकड्यानंतर ओटीपी. अर्जासाठी वडिलांच्या मोबाइलवर सहा अंक येतात, आणि ते थोड्या वेळात भरावे लागतात. इथे अडचण अशी की रिझर्व्ह बँकेने अमिताभ बच्चनच्या तोंडून वर्षानुवर्षं सांगितलं आहे, ओटीपी कुणालाही देऊ नका. मराठी बाप सरकारचं एवढं एकच म्हणणं मनापासून पाळतो. “कुणालाही म्हणजे कुणालाही,” भावोजी भाचीला म्हणाले. “त्यात नातं सांगितलेलं नाही.” मुलगी समोर बसली आहे, फॉर्म समोर उघडा आहे, वडील चष्मा कपाळावर चढवून फोन हातभर लांब धरतात, सहा अंक मनात वाचतात, आणि म्हणतात, “सरक, मी टाकतो.” मग एका बोटाने पहिला अंक, दुसरा अंक, कीबोर्डवर शोधाशोध, चौथ्या अंकाला मुदत संपते.

दुसऱ्या दिवशी भाचीने ठरवून सकाळी, बाबा गाडीत असताना, ओटीपी मागवला. म्हणजे घाईघाईत तरी सांगतील. त्यांचा फोन खिशात, खिसा पँटचा, पँट आठच्या स्लो लोकलमधल्या गर्दीत. फोन थरथरला तेव्हा गाडी भांडुपला होती. हात खिशापर्यंत पोचला कांजूरमार्गला. फोन बाहेर आला विक्रोळीला, आणि डोळ्यांसमोर धरता आला घाटकोपरला, कारण तिथे मेट्रोसाठी बरीच माणसं उतरली. त्यांनी फोन लावला. “हं, घे. चार, सात...” मग आवाज बारीक झाला. “शेजारी एक जण ऐकतोय. कुर्ल्याला उतरेल तो. मग सांगतो.”

स्वयंघोषणापत्राची वेगळीच कथा. राज्यात २०१५ पासून असल्या कामांना बहुतेक ठिकाणी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. पण खालची ओळ भावोजींनी वाचली: माहिती खोटी आढळल्यास खटला भरला जाईल. “म्हणजे आंब्यांचं लिहायलाच पाहिजे,” असं म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं. नंतर त्यांना साध्या कागदाचाच संशय आला. स्टॅम्प पेपरशिवाय सरकार कशावर विश्वास ठेवतं, यावर त्यांचा विश्वास बसेना. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या स्टॅम्पची जागा पाचशेच्या स्टॅम्पने घेतली, आणि पुढे २०२५ मध्ये दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांसाठी तो माफ झाल्याचं सरकारने सांगितलं, हे मी त्यांना बातमी दाखवून पटवलं. “माफ केलाय म्हणजे लागत होता,” ते म्हणाले, आणि एक विकत आणून ठेवला. तो अजून कोरा आहे. ताईने लॅमिनेट करू नये एवढीच माझी इच्छा.

या साऱ्या हट्टामागचं कारण ते एकदाच बोलले, मुलुंडच्या पुलावर, भाची पुढे गेलेली असताना. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ झाली. तिथून ही ईबीसी सुरू. त्याच्या आधी नादारी होती, अर्धी किंवा पूर्ण. भावोजी शाळेत होते तेव्हा मर्यादा वाढलेली होती, पण पद्धत तीच: बाई वर्गात यायच्या आणि म्हणायच्या, “ईबीसीवाले उभे राहा.” फॉर्म वाटायचे असत, बाकी त्यात काही नसे. भावोजी दर जूनला उभे राहायचे. “हिला कशाला उभं करायचं?” ते म्हणाले. मी म्हटलं, आता कुणी उभं करत नाही, आता लॉगिन असतं. त्यांनी मान हलवली, पण पटलं असं वाटलं नाही. ज्या पोरांना आज बाप सहकार्य करत नाही म्हणून राग येतो, त्यांनी बापाला एकदा वर्गातला बाक विचारावा. उत्तर मिळणार नाही. पण पगार कळायच्या आधी हे कळलेलं बरं.

जगात इतरत्र याचा बंदोबस्त कसा करतात, म्हणून मी चौकशी केली. अमेरिकेत विद्यार्थी चोवीस वर्षांचा होईपर्यंत, लग्न किंवा सैन्यभरती असलं काही केलेलं नसेल तर, मदतीच्या अर्जात आईबापांचं उत्पन्न द्यावंच लागतं. त्यांनी नाही म्हटलं तर पोराच्या हाती सवलत नसलेल्या कर्जाखेरीज फारसं काही येत नाही. म्हणजे न्यू जर्सीतला मराठी मुलगा आणि मुलुंडमधली माझी भाची एकाच बाकावर. जर्मनीत मात्र सरकार हुशार आहे. आईवडील माहिती देत नसतील किंवा पैसे देत नसतील, तर तिथलं शिष्यवृत्ती खातं विद्यार्थ्याला आगाऊ पैसे देतं आणि मग स्वतः आईवडिलांच्या मागे वसुलीला लागतं. हे मी भावोजींना सांगितलं. वसुली या शब्दावर ते पहिल्यांदा ताठ बसले. “म्हणजे घरी माणूस पाठवतात?” त्यांनी विचारलं. सही त्यानंतर आली. जर्मन लोकांचे आभार मानायचे राहिले आहेत.

अर्ज मंजूर झाला. पैसे भाचीच्या खात्यात हप्त्याने आले. त्या वर्षी गणपतीला ताईकडे जमलेल्या माणसांना भावोजी मोदकाचं ताट फिरवत सांगत होते, “हिला स्कॉलरशिप आहे. सरकारची. मेरिटवर.” उत्पन्नाचा, केशरी कार्डाचा, चकल्यांचा उल्लेख कुठे नव्हता. भाचीने माझ्याकडे बघितलं, मी मोदकाकडे बघितलं. तिला मार्क खरंच चांगले होते, त्यामुळे वाक्य अर्धं खरं होतं, आणि बोहल्यापर्यंत अजून पुष्कळ लोकांना ते ऐकवलं जाणार आहे. शेजारच्यांच्या मुलाला अशीच सवलत मिळाल्याचं कळलं, तेव्हा मात्र भावोजी म्हणाले, “त्याची ईबीसी आहे. आपली शिष्यवृत्ती.”

ही शिष्यवृत्ती दर वर्षी नव्याने मागावी लागते, आणि उत्पन्नाचा दाखला पुढच्या ३१ मार्चला शिळा होतो. म्हणजे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हा प्रयोग चार वेळा. दुसऱ्या वर्षी भावोजींनी फॉर्म १६ स्वतः काढून दिला. ताईने मात्र चकलीचा दर वाढवल्याचं सांगितलं नाही, ते भाचीला ऑर्डरच्या वहीतून कळलं.

ज्यांच्या घरात यंदा बारावी आहे, त्या आईवडिलांना म्हणून हात जोडून विनंती आहे. निकालाची वाट बघू नका. कपाटातल्या पिशव्यांमधून कागद बाहेर काढा, आधारला बंद पडलेल्या सिमऐवजी चालू नंबर जोडा, लॅमिनेट केलेलं असेल ते कापा, आणि आपापले आकडे एकमेकांना आधीच सांगून टाका, म्हणजे मामाला टेबलावरून उठावंसं वाटणार नाही. आणि पोरांनो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोकसेवा हक्क कायद्यात १५ दिवसांची मुदत आहे. वडिलांसाठी कायद्यात मुदत नाही. सुरुवात त्यांच्यापासून करा.